घोडा आणि घोडेस्वारी

घोडा हा गवतावर जगणारा, एकखुरी सस्तन प्राणी. संकट दिसले की आधी पळायचे, हा त्याचा मूळ स्वभाव. स्वारीतले बहुतेक नियम त्याला धरूनच ठरले आहेत.

डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असल्याने घोड्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. मात्र कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग नजरेआड राहतो. मागून चाहूल न देता गेलेल्या माणसाला लाथ बसते ती घाबरल्यामुळे; त्याला खोडी म्हणणे अन्यायाचे आहे. जाणकार माणूस खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जातो आणि कानांकडे लक्ष ठेवतो. कान मागे चपटे पडले, तर घोडा चिडलेला असतो.

पायांतील स्नायुबंधांच्या खास रचनेमुळे घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. तो फक्त नाकाने श्वास घेतो. भरधाव पळताना प्रत्येक झेपेला एक श्वास, असा ताल जुळलेला असतो. दुडक्या चालीत कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात. दौडीत चारही खूर हवेत असतात का, हा वाद जुना होता. १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून तो मिटवला. खूर हवेत असतात, पण चित्रकार दाखवत तसे पाय फाकलेले नसतात, तर पोटाखाली गोळा झालेले असतात.

आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांकाठच्या गवताळ प्रदेशात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसते. रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची खोगिराला लोंबणारी कडी, मात्र फार उशिरा आली. दोन्ही पायांसाठी रिकिबी चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकात दिसतात. त्याआधीचे स्वार केवळ मांडीच्या पकडीवर आणि तोलावर लढत.

आजही स्वारीचा पाया तोलच आहे. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते, इतका त्याचा स्पर्श तीव्र असतो. त्यामुळे मुरलेल्या स्वाराला लगाम खेचावा लागत नाही. बैठक किंचित बदलली, पोटरी हलकेच टेकवली की पुरते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्यांखाली लुळे पडले होते आणि घोड्यावर चढायलाही त्यांना आधार लागे. तरीही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली तालात करवून घेण्याच्या स्पर्धेचे, रौप्यपदक जिंकले. ऑलिंपिकच्या या प्रकारात स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला, ते हेच वर्ष.