सेन्सरी इंटिग्रेशन : कोकणातल्या थेरपिस्टांसाठी ऑनलाइन पदव्युत्तर प्रशिक्षण

सेन्सरी इंटिग्रेशन म्हणजे शरीराकडून येणाऱ्या संवेदना मेंदूने जुळवून वापरणं. त्यावर बेतलेल्या, मुलांसाठीच्या थेरपीचा हा कोर्स आहे. हे पत्रक पदवी आणि नोंदणी झालेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टांसाठी आहे. पालकांनी चाळायला हरकत नाही, पण कोर्स त्यांच्यासाठी नाही.

आमच्याकडे चौकशी करणारे बहुतेक जण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेतरी एकट्यानेच क्लिनिक चालवतात. एखादं मूल पुढे सरकत नाही, काय चुकतंय ते कळत नाही आणि विचारायला शेजारच्या खोलीत सीनियर नाही, ही त्यांची खरी अडचण. स्विंग आणि बॉल पूल पैसे टाकले की मिळतात. सोबत बसून विचार करणारं माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. कोर्स आम्ही त्यासाठीच बांधला आहे.

शिकायचं काय?

ए. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६०च्या दशकात सेन्सरी इंटिग्रेशनचा विचार मांडायला सुरुवात केली. त्यांचा भर तीन संवेदनांवर होता : स्पर्श, आतल्या कानातली तोलाची व्हेस्टिब्युलर यंत्रणा, आणि स्नायू-सांध्यांतून मिळणारी शरीराची जाणीव, म्हणजे प्रोप्रिओसेप्शन. पदवीच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. अडतं ते समोरच्या मुलापाशी. हालचाल हवी म्हणून धावणारं मूल आणि शरीराचा अंदाज येत नाही म्हणून भिंतीला आपटणारं मूल वरून सारखंच दिसतं. दोघांनाही ‘सीकर’, म्हणजे संवेदना शोधत फिरणारं मूल, म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मग दोघांना एकच उपचार मिळतो.

म्हणून पहिले सगळे वर्ग निरीक्षणाचे. पडवीतला झोपाळा घ्या. तो दोन्ही बाजूंनी टांगलेला, म्हणून पुढे-मागेच जातो आणि मुख्यतः आतल्या कानातल्या, सरळ रेषेतली हालचाल टिपणाऱ्या ऑटोलिथ अवयवांना चेतवतो. एका हुकाला टांगलेली हॅमॉक गोल फिरते, तेव्हा तिथल्याच, फिरणं टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव कामाला लागतो. संथ झोका बऱ्याच मुलांना शांत करतो. जोरात गोल फिरवलेलं मूल मात्र घरी गेल्यावरही पांढरंफटक पडू शकतं, ओकू शकतं. आईने संध्याकाळी फोन केल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. फिट येणारं मूल, किंवा डाउन सिंड्रोमचं मूल ज्याच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, अशांना फिरवण्या-उलटं करण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, हेही इथेच येतं.

चाचण्या शिकवतो, पण त्यांची मर्यादा सांगून. १९८९ साली आलेली एसआयपीटी (सेन्सरी इंटिग्रेशन अँड प्रॅक्सिस टेस्ट्स) ही १७ चाचण्यांची मालिका अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवर प्रमाणित झाली, तीही ४ वर्षं ते ८ वर्षं ११ महिने या वयासाठी. राजापूरच्या मुलाचे गुण त्या तक्त्याशी ताडताना हात आखडता घ्यावा लागतो. पालकांशी बोलणं तर इथल्या घरातलंच हवं. वाळूत अनवाणी चालतो का, लावणीच्या चिखलात पाय घालतो का, घाटात एसटी वळली की काय होतं, होडीत बसतो का, सुक्या मासळीच्या वासाने घराबाहेर पळतो का. “ढोल वाजाक लागलो काय झील कानार हात ठेवता,” असं एखादी आई म्हणाली, तर त्यात तुमचा पुढचा प्रश्न आहे : फक्त ढोल, की मिक्सरसुद्धा? अचानक वाजला तरच, की आधी सांगितलं तरी?

पुरावा किती?

हा भाग गुळमुळीत ठेवून कोर्स विकणं आम्हाला पटत नाही. २०१२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका आणि या थेरपीबद्दलचं संशोधन मर्यादित आहे हे पालकांना सांगा. २०१३च्या डीएसएम-५ मध्येही, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकातही, ते वेगळं निदान म्हणून आलं नाही. संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांत मात्र आलं. २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या ३२ मुलांवर एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १० आठवड्यांत ३० सत्रं झाली आणि ठरवलेल्या वैयक्तिक ध्येयांत थेरपी घेतलेली मुलं पुढे गेली. २०२२ मध्ये ब्रिटनमधला १३८ मुलांचा मोठा अभ्यास आला. त्यात चिडचिड आणि वर्तन मोजलं, आणि नेहमीच्या सेवेपेक्षा फायदा दिसला नाही.

आमचं मत असं, की ‘मूल शांत होईल’ असं वचन देण्याचे दिवस गेले. एक ठरावीक काम निवडा, ठरावीक मुदत घाला आणि मोजा. मोजायला ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ शिकवतो, म्हणजे ठरवलेलं ध्येय किती गाठलं याची पट्टी, उणे दोन ते अधिक दोन. समजा, शिमग्याला पालखी अंगणात येते तेव्हा सहा वर्षांचा मुलगा माळ्यावर जाऊन लपतो. ही आजची स्थिती, उणे दोन. घरात राहतो पण मागच्या खोलीत, उणे एक. आजोबांचा हात धरून ओटीवरून पालखी पाहतो, शून्य. म्हणजे मुदतीअखेर आपली अपेक्षा एवढीच. अंगणात उतरतो, अधिक एक. ढोल थांबेपर्यंत तिथेच टिकतो, अधिक दोन. पायऱ्या सत्रं सुरू होण्याआधी घरच्यांबरोबर बसून लिहायच्या, कारण नंतर लिहिल्या तर सगळीच मुलं सुधारलेली दिसतात. ठरलेल्या मुदतीत मूल शून्याच्या जवळपासही पोचलं नाही, तर थेरपी थांबवायची की बदलायची, हे पालकांना कसं सांगायचं, यावर एक अख्खा वर्ग आहे. तोच सगळ्यांना जड जातो.

ऑनलाइन किती जमतं?

विचार, वाचन, व्हिडिओवरून निरीक्षण आणि सुपरव्हिजन हे उत्तम जमतं. तुम्ही तुमच्याच खोलीतल्या सत्राचा व्हिडिओ पाठवता आणि सुपरव्हायझर तो तुमच्यासोबत थांबवून-थांबवून बघतात : इथे मूल तुमच्याकडे का वळलं, इथे तुम्ही मदत घाईने का केलीत. दुसऱ्याच्या चकचकीत सेंटरमधल्या प्रात्यक्षिकापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं असा आमचा अनुभव आहे. व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती लागते, मुलाचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही.

हातांचं काम पडद्यावर येत नाही. घाबरलेल्या मुलाला झोक्यावर कुठे धरायचं आणि कधी सोडायचं, हे अंगाने शिकावं लागतं. त्यासाठी रत्नागिरीत प्रत्यक्ष दिवस ठेवले आहेत. ते चुकवले तर प्रमाणपत्र मिळणार नाही.

खोलीबद्दल थोडं सविस्तर, कारण याच्या चौकश्या सर्वांत जास्त येतात. एअर्स पद्धतीच्या काटेकोर निकषांत टांगण्यासाठी किमान तीन हूक आणि गोल फिरण्याची सोय धरलेली आहे. कौलारू घराच्या जुन्या तुळईला हूक ठोकण्याआधी ती वाळवीने पोकळ केली आहे का, हे सुताराकडून बघून घ्या. स्लॅब असेल तर इंजिनिअरला विचारा. उडी मारून बसणाऱ्या मुलाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. खाऱ्या हवेत साधं लोखंड पावसाळ्याअखेर गंजतं, म्हणून हूक, कॅराबिनर (जोडणारी कडी), स्विव्हल (गोल फिरणारा जोड) स्टेनलेस स्टीलचे घ्या आणि दर आठवड्याला हाताने तपासा. भाड्याच्या खोलीत छताला हात लावता येत नसेल तर जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम चालते, पण तिलाही रंग मारत राहावं लागतं.

प्रमाणपत्र आणि बाकीचं

आमचं प्रमाणपत्र विद्यापीठाची पदवी नाही. एम.ओ.टी. किंवा एम.पी.टी. या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदव्यांचा तो पर्याय नाही, आणि तुमच्या नोंदणीत त्याने काही बदलत नाही. फिजिओ आणि स्पीच थेरपिस्टांनी कोर्स केला म्हणून त्यांच्या व्यवसायाच्या चौकटीबाहेरचं काम करण्याची मुभा मिळत नाही.

वर्ग आठवड्यातून एकदा संध्याकाळी असतात. वीज गेली, नेटवर्क गेलं की ध्वनिमुद्रण नंतर बघता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते बहुतेकांना लागतंच. गणपतीत आणि शिमग्यात वर्ग नाहीत. सुपरव्हिजन मराठीत, वाचन मात्र बरंचसं इंग्रजीत.

शुल्क आणि तारखा सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. प्रवेशाआधी आम्ही तुमच्याशी फोनवर बोलतो. तेव्हा सध्या तुमच्याकडे येणाऱ्या एका मुलाबद्दल, नाव न घेता, सांगायची तयारी ठेवा : त्याला काय जमत नाही आणि तुम्ही आतापर्यंत काय करून बघितलं. कोर्स तुमच्या कामाचा नाही असं दिसलं तर तेव्हाच सांगू. पैसे त्यानंतरच भरा.