माहेर व्होल्गाकाठचं: कॅन्ससमधल्या जर्मन शेतकरणीच्या घराण्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एलिस परगण्यात, १९१० साली जनगणनेचा माणूस एखाद्या शेतकरणीच्या दारात आला की उत्तरं साधारण अशी मिळत. जन्म कुठला? रशिया. आईबापांचा? रशिया. मातृभाषा? जर्मन. या बाईनं जर्मनी कधी पाहिलेला नसे, तिच्या आजीनंही नाही. पोटी मुलं किती झाली आणि त्यातली हयात किती, हेसुद्धा त्या तक्त्यात विचारलेलं होतं. माहेरचं आडनाव तेवढं कुणी विचारलं नाही. अशा बाईचं घराणं शोधायला बसलं की पहिली अडचण येते ती इथेच.

मूळ सापडतं १७६३ मध्ये. सात वर्षांचं युद्ध नुकतंच संपलं होतं. जर्मनीतल्या हेसे आणि ऱ्हाईनलँडकडची गावं सैन्यांच्या येण्याजाण्यानं आणि करांनी पिळून निघाली होती. त्याच वर्षी जुलैत रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन (ती स्वतः जन्मानं जर्मनच) हिनं जाहीरनामा काढला: येऊन वस्ती करा, जमीन घ्या, आपला धर्म पाळा, ओसाड भागात वसलात तर ३० वर्षं कर नाही, आणि सैन्यात सक्तीची भरती नाही. सुमारे ३०,००० माणसं निघाली. वसाहतीसाठी माणसं गोळा करणाऱ्यांना सड्या लोकांपेक्षा जोडपी हवी होती. त्यामुळे ब्यूडिंगेन या हेसेतल्या गावात फेब्रुवारी ते जुलै १७६६ या काळात ३७५ लग्नं लागली. किती जणींनी माणूस पाहून होकार दिला आणि किती जणींनी प्रवास पाहून, हे चर्चची नोंदवही सांगत नाही. घराण्याच्या शोधात मात्र ती वही सोन्यासारखी आहे.

ल्यूबेकहून जहाजानं, मग बर्फातून आणि नदीतून, रशियात व्होल्गा नदीकाठच्या सारातोवच्या परिसरात पोचायला कित्येकांना वर्ष लागलं. तिथे १०४ वसाहती उभ्या राहिल्या. सुतार असो की विणकर, नांगर धरावाच लागला. पुढे गावांनी रशियन पद्धतीची जमीनवाटणी स्वीकारली. जमीन गावाची, आणि ठरावीक वर्षांनी पुरुषांची डोकी मोजून तिचे वाटे पडत. मुलगा झाला तर पुढच्या वाटपात घराचा हिस्सा वाढे. मुलगी झाली तर नाही. तिची नोंद कागदावर राहिली ती प्रामुख्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्यांत. सुदैवानं १७९८ च्या गणतीत बायकांची माहेरची आडनावं आणि त्या कुठल्या वसाहतीतून आल्या तेही लिहिलेलं आहे. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याच्या सुना शोधताना ज्यांची दमछाक झाली असेल, त्यांना या गणतीचं मोल वेगळं सांगायला नको.

शंभर वर्षं ही गावं जर्मनच राहिली. कॅथलिक मुलगी कॅथलिक गावात, लुथेरन मुलगी लुथेरन गावात दिली जाई. भाषेत रशियन शब्द मात्र शिरले. धान्याच्या कोठाराला या बायका ‘अंबार’ म्हणत. रशियननं तो शब्द पूर्वेकडून घेतला, मूळ फारसी; पन्हाळ्यावरचा अंबरखाना त्याच शब्दाचा. कॅन्ससच्या माळावरची जर्मन बाई आणि आपण कोठारासाठी एकच शब्द वापरत होतो, याची मला अजून गंमत वाटते.

१८७१ मध्ये रशियाचा झार दुसऱ्या अलेक्झांडरनं वसाहतींचे खास हक्क काढून घेतले आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली. जमीनही वाढत्या घरांना पुरेना. १८७६ मध्ये व्होल्गाकाठच्या कॅथलिक कुटुंबांनी एलिस परगण्यात कॅथरीन, हर्झोग, मुंजोर अशी गावं वसवली, बरीचशी नावंही जुन्या गावांची. हर्झोगशेजारी व्हिक्टोरिया ही ब्रिटिश वसाहत होती. तिथले सुखवस्तू तरुण शिकारीत रमले आणि काही वर्षांत निघून गेले, शेतकरी टिकले.

माळ व्होल्गाकाठच्या स्टेपसारखाच, म्हणजे गवताळ मैदानासारखाच उघडा, लाकूड नाही. बायकांनी सरळ शेण थापून वाळवलं. त्या जळणाला त्यांचा शब्द होता ‘मिस्टहोल्झ’, म्हणजे शेणाचं लाकूड. १९०८ ते १९११ दरम्यान हर्झोगकरांनी चुनखडीच्या दगडाचं सेंट फिडेलिस चर्च बांधलं तेव्हा बारा वर्षांवरच्या प्रत्येकाकडून वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड मागितले गेले. ज्या घरात खाणारी तोंडं दहा, तिथे हा आकडा काय असेल ते ओळखावं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि भाषाच गुन्हा ठरली. आयोवा राज्याच्या गव्हर्नरनं मे १९१८ मध्ये इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चारचौघांत आणि टेलिफोनवर बोलायला बंदी केली. तिथल्या काही शेतकरी बायकांना फोनवर जर्मन बोलल्याबद्दल २२५ डॉलर दंड भरावा लागला. शेजारच्या नेब्रास्कात लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये रद्द केली. तोवर अनेक घरांत मुलांशी जर्मन बोलणं थांबलं होतं. नागरिकत्वाचे कागद धुंडाळावेत तर १९२२ पर्यंत लग्न झालेल्या बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागून येई, तिची स्वतंत्र फाईल नसे.

जे नातेवाईक मागे राहिले, त्यांनी १९२१ चा दुष्काळ सोसला. २८ ऑगस्ट १९४१ च्या फर्मानानं व्होल्गाकाठचे जर्मन सरसकट सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले गेले. तिकडची पत्रं बंद पडली.

एलिस परगण्यातल्या जुन्या दफनभूमींत लोहारानं घडवलेले लोखंडी क्रूस अजून उभे आहेत. बाईचं नाव, नवऱ्याचं आडनाव, आणि त्याखाली ‘गेब.’ अशी खूण सापडली की थांबून वाचावं. ‘गेबोरेने’चं ते लघुरूप, त्यापुढे असतं तिचं माहेरचं आडनाव.