रिंग कुठून टाकायची?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी उद्योजकता शिबिर बघायला गेलो होतो. मंगल कार्यालयाचा हॉल, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा. कर्जाचं प्रकरण कसं करायचं, जीएसटी कसा भरायचा असलं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून पंचवीसेक जण आले होते. प्रशिक्षकाने त्यांच्यापुढे मांडला तो जत्रेतला रिंग टाकायचा खेळ. एक लाकडी खुंटी, पाच रिंगा आणि फरशीवर खडूने फुटाफुटावर ओढलेल्या रेघा. जितक्या लांबून टाकाल तितके गुण जास्त. कुठे उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

गॅरेज चालवणारा एक पोरगा थेट शेवटच्या रेघेवर गेला. पाचही हुकल्या, पण टाळ्या त्यालाच पडल्या. एक निवृत्त गृहस्थ दुसऱ्या रेघेवरून शांतपणे पाचही खुंटीत घालून परत आले. मग पापड-मसाल्यांचा घरगुती धंदा करणाऱ्या एक बाई उठल्या. पाचव्या रेघेवरून सुरुवात. दोन पडल्या, तशा त्या एक पाऊल मागे सरकल्या. तिसरी हुकली. त्यांनी मान तिरकी करून खुंटीकडे पाहिलं, पदर खोचला आणि तिथूनच चौथी टाकली. पडली. पाचवी पुन्हा हुकली. प्रशिक्षक बोलत काहीच नव्हता. कोण कुठे उभं राहिलं आणि हुकल्यावर कुठे सरकलं एवढंच वहीत टिपत होता.

चहाच्या वेळी मी बाईंना विचारलं, अजून मागे का नाही गेलात? त्या म्हणाल्या, “तिकडून पडली तर नशीब म्हणायचं. चुकतंय कुठे ते कसं कळणार?”

हा खेळ हार्वर्डमधला आहे. डेव्हिड मॅक्लेलंड हा मानसशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्याला एका प्रश्नामागे लागला होता: काही माणसांना एखादं काम आधीपेक्षा चांगलं करून दाखवायची भूक असते, ती मोजायची कशी? मराठी पाठ्यपुस्तकांत तिला ‘संपादन प्रेरणा’ म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा. त्याने माणसांना धूसर अर्थाची चित्रं दाखवली, त्यांवर चार-पाच मिनिटांत गोष्ट लिहायला लावली आणि गोष्टीतली पात्रं काय करतात ते मोजलं. एकाच चित्रातला टेबलाशी बसलेला माणूस कुणाच्या गोष्टीत घरच्यांची आठवण काढत असतो, तर कुणाच्या गोष्टीत पुलाच्या आराखड्यातली चूक शोधत असतो. ही भूक जास्त असलेली माणसं रिंगच्या खेळात खुंटीला चिकटूनही उभी राहत नाहीत आणि भिंतीलाही टेकत नाहीत. ती मधलं अंतर निवडतात. जमेल, पण जमेलच असं नाही, इतकं अंतर.

इथेच धंद्याविषयीची आपली एक लाडकी समजूत अडखळते. ‘धंदा करायला वाघाचं काळीज लागतं’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. आणि ते म्हणणारा बहुतेक वेळा नोकरीतच असतो, हेही खरं. रॉबर्ट ब्रॉकहॉस या अमेरिकन संशोधकाने १९८० साली नवे उद्योजक आणि नोकरीतले व्यवस्थापक यांची जोखीम घेण्याची वृत्ती मोजून पाहिली. दोघांत दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. बाहेरून जे धाडस दिसतं ते आतल्या माणसाला धाडस वाटत नसतं, हे त्याचं एक कारण असू शकतं. तीस वर्षं किराणा दुकान पाहिलेल्याला मालाची मोठी ऑर्डर देणं म्हणजे पाचवी रेघ. ते गणित ठाऊक नसलेल्या आपल्याला ती शेवटची वाटते.

दुसरं कारण तितकं गोड नाही: अनेकांना जोखीम दिसतच नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या २,९९४ नव्या उद्योजकांना विचारलं गेलं होतं की तुमचा धंदा चालण्याची शक्यता किती? ८१ टक्के लोकांनी दहात सात किंवा त्याहून जास्त सांगितली. दर तिघांतला एक तर दहापैकी दहा म्हणाला. दुकानं किती उघडतात आणि त्यांतली किती थोड्याच वर्षांत शटर ओढतात हे पाहिलं तर हे आकडे हवेतले आहेत. आत्मविश्वास हा गुण खरा, पण तो माणसाला धंद्यात आणतो. टिकवतो तो वेगळाच गुण. यशस्वी मंडळींच्या मुलाखती वाचून आपण दोन्हींची सरमिसळ करतो, कारण तेवढ्याच आत्मविश्वासाने बुडालेल्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

मग टिकवतं काय? मानसशास्त्रात स्वभाव पाच मापांनी मोजायची पद्धत रुळली आहे. २००६ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि व्यवस्थापक यांची या पाच मापांवर तुलना झाली. गप्पिष्टपणात, चारचौघांत मिसळण्यात दोघे सारखेच निघाले. ‘बोलणाऱ्याची माती विकते’ ही म्हण निदान इथे लागू पडली नाही. फरक दिसला तो हातातलं काम नेटाने तडीस नेण्यात. उद्योजकांमध्ये तो गुण जास्त, नव्या गोष्टींची उत्सुकताही जास्त, आणि चिंता, घालमेल कमी. शिवाय आणखी एक गोष्ट: इतरांचं मन राखण्याची वृत्ती उद्योजकांत कमी होती. शेजारच्याला चौथ्यांदा उधार देताना ‘आधीचं मिटवा’ म्हणता येणं ही धंद्यातली रोजची परीक्षा आहे, आणि ती अनेक सज्जनांना जमत नाही. या आकड्यामागे तेच असावं असा माझा आपला अंदाज.

मात्र स्वभावाचं माप फार ताणू नये. असेच बरेच अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या एका विश्लेषणात (२००७) धंद्याशी थेट जुळणारे गुण आणि धंद्यातलं यश यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप; शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण) सुमारे ०.२५ निघाला. या आकड्याचा वर्ग केला की उत्तर येतं सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कुणाचा धंदा किती चालला यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण सहा टक्के हिस्सा या गुणांशी जोडता येतो. उरलेल्यात भांडवल, जागा, बाजार, सासऱ्याची ओळख, रस्ता रुंदीकरण आणि पाऊस. मानसशास्त्रात सहा टक्के हा आकडा लहान मानत नाहीत. पण ‘स्वभाव बदला, कोट्यधीश व्हा’ म्हणत फिरणाऱ्या व्याख्यात्यांना तो कुणीतरी ऐकवायला हवा.

मॅक्लेलंडकडे परत येऊ, कारण त्याचा पुढचा प्रश्न आपल्या जवळचा होता. ही भूक शिकवता येते का? हे तपासायला त्याने निवडलं आंध्रातलं काकिनाडा. १९६४ मध्ये या बंदराच्या गावातले बावन्न व्यापारी आणि कारखानदार हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत काही दिवसांसाठी नेण्यात आले. तिथे हिशेब शिकवले नाहीत. गोष्टी लिहून घेतल्या, खेळ खेळवले, स्वतःसमोर स्वतःच ठरवलेलं उद्दिष्ट ठेवायला लावलं आणि त्याचा माग कसा ठेवायचा ते सांगितलं. नंतर ही माणसं आपापल्या पेढ्यांवर परतली. पुढच्या काळात त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी नवा धंदा काढला, आहे तो वाढवला, माणसं लावली. प्रशिक्षण न घेतलेल्या तशाच व्यापाऱ्यांपेक्षा हे प्रमाण ठळकपणे जास्त होतं. त्या काळी पाश्चात्त्य विद्वान असं धरून चालत की जातीपाती, सोवळं-ओवळं, जुने रीतिरिवाज मानणारा समाज उद्योगात मागेच राहणार. काकिनाड्याने ते धुडकावलं. कपाळावर गंध लावणारा आणि न लावणारा, दोघांवर प्रशिक्षणाचा परिणाम सारखाच झाला.

रिंगचा खेळ आपल्याकडच्या उद्योजकता शिबिरांत रुजला तो याच वळणाने. मॅक्लेलंडचं सगळंच काही टिकलं असं मात्र नाही. वेगवेगळ्या देशांतल्या शाळकरी मुलांच्या वाचनमालांमधल्या गोष्टी मोजून त्या देशाची आर्थिक प्रगती आधीच सांगता येते असाही त्याचा दावा होता. पुढच्या फेरतपासणीत तो ढासळला. काकिनाड्याचा प्रयोगही आजच्या कसोटीला लहानच म्हणावा लागेल.

मोठा प्रयोग झाला पश्चिम आफ्रिकेत. टोगोची राजधानी लोमे इथले १,५०० छोटे धंदेवाले निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे पाचपाचशेचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला रूढ प्रशिक्षण: हिशेब, जाहिरात, माणसं सांभाळणं, नोंदणी. दुसऱ्याला तितकेच तास शिकवला तो पुढाकार. कुणी सांगायच्या आधी हात घालणं, उद्याची अडचण आज ओळखणं, अडलं की दुसरी वाट काढणं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. वर्गातले तास छत्तीस, आणि त्यानंतर चार महिने प्रशिक्षक महिन्यातून एकदा दुकानावर जाऊन बसायचा. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१७ साली निकाल आले. दोन वर्षांच्या पाहणीत पुढाकार शिकलेल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी ३० टक्क्यांनी वाढला होता. हिशेब शिकलेल्यांचा ११ टक्के, आणि तोही इतका डळमळीत की संख्याशास्त्राने तो धरलाच नाही. स्त्रियांमध्ये तफावत आणखी मोठी होती: पुढाकाराने ४० टक्के, रूढ प्रशिक्षणाने पाच.

पुढाकार म्हणजे नेमकं काय, ते मला आमच्या चौकातल्या पोळीभाजी केंद्राच्या काकूंकडे पाहून कळलं. चौकात अशी तीन केंद्रं आहेत, भाव तोच, भाजी जवळपास तीच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हे मुख्य गिऱ्हाईक. काकूंनी कुणाला न विचारता एक गोष्ट हेरली. रात्री साडेनऊला अभ्यासिका सुटते तेव्हा बाकी दोन्ही केंद्रांचे दिवे मालवलेले असतात. त्या अकरापर्यंत थांबू लागल्या. पहिला आठवडा पोळ्या उरल्या. त्यांनी वेळ सोडली नाही, पोळ्या आधी लाटून ठेवणं सोडलं, आणि रात्री फक्त गरम पिठलं-भाकरी द्यायला लागल्या. महिन्याभरात रात्रीचा गल्ला दुपारच्या बरोबरीला आला. यात वाघाचं काळीज कुठे आहे? आठवडाभराच्या उरलेल्या पोळ्या, एवढीच जोखीम. पण हेरलं त्यांनी, आणि हुकल्यावर रेघ बदलली तीही त्यांनीच.

टोगोचा आकडा मात्र सगळीकडे जसाच्या तसा उतरत नाही. जमैकात त्याच धर्तीचं प्रशिक्षण दिलं तेव्हा सुरुवातीला दिसलेला फायदा वर्षभरात विरून गेला. शिकवलेली सवय टिकायला आणखी काय लागतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझा कल दुकानावर येऊन बसणाऱ्या त्या प्रशिक्षकाकडे आहे. वर्गात ऐकलेलं गल्ल्यावर बसलं की आठवत नाही, आठवण करून देणारं कुणीतरी समोर लागतं.

‘ते रक्तातच असावं लागतं’ याचं काय? स्वीडनमध्ये दत्तक मुलांच्या नोंदी नीट ठेवलेल्या असतात, त्यामुळे जन्मदाते आणि वाढवणारे यांचा वाटा वेगळा काढता येतो. २०१५ साली आलेल्या अशा एका अभ्यासात धंद्याकडे वळण्यात वाढवणाऱ्या आईबापांचा प्रभाव जन्मदात्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. म्हणजे रक्तात थोडंफार असतं, पण जेवताना कानावर पडणारी उधारी-वसुलीची बोलणी त्याहून जास्त काम करतात. व्यापारी घरांतली पोरं आठ-दहा वर्षांची असतानाच सुट्टीत दुकानात बसतात. आपण त्याच वयाच्या पोराला म्हणतो, तुला काय करायचंय, तू अभ्यास कर. मराठी माणसाला धंदा जमत नाही या जुन्या तक्रारीचा एक धागा मला तरी इथे सापडतो.

आणि उशीर झाला म्हणून रडायचं कारण नाही. अमेरिकेत २७ लाख संस्थापकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा कंपनी काढतानाचं सरासरी वय ४२ निघालं, आणि सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारातल्या एखाद्या कंपनीच्या बाबतीत ते ४५ होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या दुकानात आले, मग लोखंडी नांगर बनवायला लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानाच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन आणि कर्ज दिलं म्हणून १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा चाळीस. नेटाने तडीस नेणं, उत्सुकता, हुकल्यावर मान तिरकी करून पाहणं, सगळं त्यांच्यापाशी आधीपासूनच होतं. जमीन नव्हती. ती मिळाली, तिच्यावर निवडुंग माजला होता, आणि पहिलं काम तो तोडायचं निघालं.