फ्लॅट नोंदवण्याआधी मंजूर नकाशा वाचा
नाशिकमध्ये गृहसंकुलात फ्लॅट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

टोकनची रक्कम देण्याआधी महापालिकेचे परवानगीपत्र आणि मंजूर नकाशा, दोन्ही मागून घ्या. पुस्तिकेतली रंगीत चित्रे विक्रीसाठी असतात. इमारत उभी राहायची असते ती मंजूर नकाशाप्रमाणे, आणि भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी, तीही त्याच्याशी ताडूनच मिळते.

विकासकाचा आर्किटेक्ट प्रस्ताव ऑनलाइन दाखल करतो. नगररचना विभाग आधी जमीन तपासतो. सातबारा, मोजणी नकाशा, विकास आराखड्यातला झोन, रस्त्याचे किंवा उद्यानाचे आरक्षण हे सगळे त्यात आले. मग नकाशाला डिसेंबर २०२० मध्ये आलेली राज्याची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली, म्हणजे युडीसीपीआर, लावली जाते. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण, १.१० आहे. त्यावर प्रीमियम (जादा शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित बांधकाम हक्क) घेऊन वाढ मिळते, पण किती, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. दारात नऊ मीटरचा रस्ता आणि चित्रात वीस मजले असतील, तर तिथेच थांबून खुलासा मागा.

प्लॉट ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती नकाशावर बोट ठेवून पाहा. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेले की पर्यावरण मंजुरी लागते. उंच इमारतीला अग्निशमन विभागाचा आणि देवळालीच्या लष्करी हद्दीलगत संरक्षण खात्याचा ना हरकत दाखला पाहावा.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो पूररेषेवर, आणि तो जायलाच हवा. २००८ आणि २०१९ मध्ये गोदावरीने काय केले, ते या शहराने पाहिले आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात राहती इमारत चालत नाही. बाग किंवा उघडे पार्किंग चालते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, मात्र लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर. म्हणजे नियम पाळूनही घर कोरडे आणि खालचे पार्किंग पाण्यात, असे होऊ शकते. नासर्डी, वालदेवी आणि वाघाडीच्या काठी लोक हा प्रश्न विचारायचा विसरतात. गोदेला पूर असला की नासर्डी आणि वाघाडीचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. दोन्ही रेषा मंजूर नकाशावर दाखवल्या आहेत का, हे आम्ही सर्वांत आधी बघतो.

शेजारच्या सोसायट्यांचे लोकही विचारतात, ‘आम्हाला हरकत घेता येईल का?’ एखाद्या इमारतीच्या परवानगीसाठी आपल्याकडे जनसुनावणी नसते. हरकतीची खरी वेळ विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हाची, किंवा आरक्षण बदलण्याची सूचना निघते तेव्हाची. ती वेळ लोक घालवतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचत जा.

परवानगी एका वर्षाची असते आणि दरवर्षी नूतनीकरण करून चार वर्षांपर्यंत वाढते, म्हणून तारीख बघा. सोबत जोडलेल्या अटींचे पान तर आवर्जून वाचा. पाणी, ड्रेनेज, रस्त्यासाठी सोडायची जागा हे सगळे तिथेच असते. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर संकुलात नंतर इमारत वाढवायची किंवा बाग हलवायची, तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका, मग ते कितीही नेहमीचे म्हणून पुढे केले तरी. भोगवटा दाखल्याआधी ताबाही घेऊ नका.

आमच्याकडे येताना सर्व्हे नंबर आणि प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे रेरा प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणलात तरी पुरे. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावरून आम्ही काढतो. प्लॉट नदीजवळ असेल तर आधी जागा पाहायला जातो, कागद नंतर.