चुन्याची निवळी आणि दहा सेंटीमीटर वाळू: प्रवाळटाकीच्या रसायनाची पार्श्वभूमी

समुद्री टाकीत प्रवाळ ठेवणाऱ्यांमध्ये वाळूवरून जितकी भांडणं झाली, तितकी माशांवरूनही झाली नसतील. तळाला दहा सेंटीमीटर वाळू हवी, दोन पुरे, की नुसती काच बरी, यावरचं मत गेल्या चाळीस वर्षांत निदान तीनदा फिरलं. पाण्याचंही तसंच. आज नवशिकासुद्धा अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) मोजायला शिकतो; पन्नास वर्षांपूर्वी मुरलेले लोकही पाण्याची घनता आणि पीएच बघून निर्धास्त असत. टाकीतलं संतुलन बिघडू द्यायचं नाही, हे सगळेच म्हणत आले. मात्र संतुलन कशाचं, याचं उत्तर दर पिढीला वेगळं मिळालं.

सुरुवातीचं उत्तर होतं हवा. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला नेले. ताजं समुद्राचं पाणी रोज मिळणार नव्हतं, म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यात हवा मिसळायची, असा क्रम त्यांनी बसवला. ओतण्याचं काम अर्थात मोलकरणीच्या वाट्याला आलं. पहिला एअर पंप कोणाला म्हणायचं तर तिलाच. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की गोड्या पाण्याच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर वनस्पती सोडतात तो प्राणवायू माशांना मिळतो, मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पतींना. 'समतोल मत्स्यालय' ही कल्पना इथून रुजली आणि पुढची शंभर वर्षं तिने समुद्री टाकीवाल्यांचीही थोडी दिशाभूल केली. एकदा जुळलं की जुळलं, मग हात लावायला नको, असा तिचा सूर होता.

याच काळात फिलिप हेन्री गॉस यांनी खाऱ्या पाण्याची पाककृती दिली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी १८५४ मध्ये चार क्षारांचं मिश्रण सुचवलं: साधं मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. यादी पुन्हा वाचली की लक्षात येतं, तिच्यात कॅल्शियम नाही. इंग्लिश खाडीच्या पाण्याच्या पृथक्करणात ते दिसत होतं, पण प्रमाण थोडं आणि क्षार विरघळायला अवघड, म्हणून गाळलं. ज्या घटकावर प्रवाळाचा सांगाडा उभा राहतो, तोच पहिल्या पाककृतीतून बाहेर राहिला. गॉस यांना दोष देता येत नाही. त्या टाक्यांत कोणी प्रवाळ वाढवत नव्हतं. जीव तगला तरी पुष्कळ होतं.

समुद्राच्या रसायनाची पक्की मोजणी नंतर झाली. 'चॅलेंजर' या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष मांडला: खारटपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. म्हणजे एक आकडा मोजा, बाकीचे त्यावरून निघतात. समुद्रात हे खरं ठरतं, कारण समुद्र अफाट आहे आणि प्रवाळांनी कितीही चुना उचलला तरी त्याला पत्ता लागत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत लागतो. तरीही टाकीवाले अनेक दशकं घनतामापीवरच विसंबून राहिले.

मधल्या काळात धास्ती होती अमोनियाची. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, हे सेर्गेई विनोग्राडस्की यांच्या १८९० च्या सुमाराच्या कामातून स्पष्ट झालं होतं. त्या जिवाणूंना घर म्हणून अंडरग्रॅव्हल फिल्टर आला. तळाशी भोकांची ताटली, तिच्यावर खडीचा थर, आणि पाणी सतत खडीतून खाली ओढलं जाणार. अमोनियाचा बंदोबस्त झाला, समुद्री मासे वर्षानुवर्षं जगू लागले. पण खडीत प्राणवायू भरपूर असल्याने साखळी नायट्रेटवर थांबे आणि नायट्रेट साचत जाई. माशांनी ते सोसलं, बहुतेक प्रवाळांना ते झेपलं नाही. शिवाय ही खडी प्रवाळांच्या चुऱ्याची असली की ती विरघळून पाण्याला चुना पुरवते, अशी एक समजूत पक्की बसली. ती चुकीची होती. पीएच ८.२ च्या आसपास असलेल्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच ठासून भरलेलं असतं. त्यात अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीच, वाळू विरघळत नाही, तशीच पडून राहते.

वेगळी वाट इंडोनेशियातून आली. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत छापून सांगितली: ताजं समुद्रपाणी, ऊन, हवेचे थोडे बुडबुडे आणि समुद्रातून आणलेले जीवजंतूंसकटचे खडक. फिल्टर नाहीच. ज्यांच्या दाराशी समुद्र नव्हता त्यांना हे जमेना, पण 'लाइव्ह रॉक' तिथून सगळीकडे पोचला. बर्लिनच्या टाकीवाल्यांनी त्याला प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली सेंद्रिय घाण काढणाऱ्या यंत्राची) आणि पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात सांगितलेल्या 'काल्कवासर'ची जोड दिली. नाव जर्मन असल्याने काही गूढ वाटतं; वस्तू म्हणजे चुन्याची निवळी, शाळेच्या प्रयोगशाळेत फुंकर मारल्यावर दुधाळ होणारी तीच.

इथे जरा थांबायला हवं, कारण आजच्या सगळ्या रसायनाची किल्ली या निवळीत आहे. प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतो, तेव्हा पाण्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ठरावीक प्रमाणात एकत्र उचलतो: लिटरमागे अल्कलिनिटी १ मिलीइक्विव्हॅलंटने (हे तिचं एकक) उतरली की कॅल्शियम साधारण २० मिलिग्रॅमने उतरतं. आता समुद्रातले आकडे बघा. कॅल्शियम लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी जेमतेम अडीच. प्रवाळांनी काही दिवसांत अल्कलिनिटी अडीचवरून दीडवर आणली, तर ती ४० टक्क्यांनी घटली. कॅल्शियम मात्र ४२० वरून ४०० वर, म्हणजे पाच टक्केही नाही. कॅल्शियम मोजायचा चाचणी-किट 'सगळं ठीक' म्हणतो आणि प्रवाळ वाढायचा थांबलेला असतो. नुसतं कॅल्शियम क्लोराइड ओतणाऱ्यांची फसगत यातूनच झाली; नुसता खायचा सोडा घालणाऱ्यांची उलट्या बाजूने. निवळीत दोन्ही घटक प्रवाळाला लागतात त्याच प्रमाणात असतात. म्हणून बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याऐवजी थेंबथेंब निवळी सोडली की हिशेब आपोआप जुळतो.

मर्यादाही तिथेच आहे. चुना पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. त्यामुळे जितकं पाणी उडेल तितकाच चुना देता येतो. निवळीचा पीएच १२ च्या वर, घाईने ओतली तर टाकीत पांढरा वर्षाव होतो आणि आहे तेही कॅल्शियम गाळ बनून तळाला जातं. हा वर्षाव एरवी रोखून धरणारा घटक मॅग्नेशियम. ते लिटरला १,३०० मिलिग्रॅमच्या खाली फार घसरलं की बाकी दोन्ही आकडे वर टिकत नाहीत. टाक्या प्रवाळांनी गच्च भरू लागल्यावर निवळी अपुरी पडली. मग कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्ल करून त्यात प्रवाळाचा चुरा विरघळवणारा कॅल्शियम रिअॅक्टर आला, आणि हान्स-वेर्नर बालिंग यांची पद्धत आली: कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा वेगवेगळ्या द्रावणांतून द्यायचे, आणि त्यातून उरणाऱ्या मिठाने क्षारांचं प्रमाण बिघडू नये म्हणून सोबत सोडियम क्लोराइड वगळलेलं समुद्री मीठ.

वाळू दरम्यान टाकीतून बाहेर गेली होती. बर्लिनवाल्यांचा तळ बहुधा उघडाच असे. तिला परत आणलं ज्याँ जोबेर यांनी. मोनाकोत त्यांनी तळाशी पाण्याची बंदिस्त पोकळी ठेवून वर वाळूचा जाड थर दिला आणि १९८९ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पाणी वाळूतून ओढायचं नाही, आपोआप झिरपू द्यायचं. वरच्या भागात प्राणवायू असतो, खाली तो संपत जातो आणि तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू बाहेर सोडतात. अंडरग्रॅव्हलने अर्धवट सोडलेली साखळी इथे पूर्ण झाली. खोल थरात पीएच उतरत असल्याने वाळू तिथे थोडी विरघळतेही, म्हणजे जुनी समजूत अगदीच निराधार नव्हती. पण भरगच्च टाकीची भूक त्यावर भागत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीही काढून टाकली. बारीक वाळू, दहा सेंटीमीटर किंवा जास्त, आणि तिच्यात किडे, छोटे शंख आणि असंख्य सूक्ष्म प्राणी. वाळू उकरत राहणं हे त्यांचं काम. पोकळीवाले आणि बिनपोकळीवाले मग काही वर्षं एकमेकांशी झुंजत राहिले. २००५ मध्ये 'अॅक्वाकल्चर' या नियतकालिकात दोन्हींची प्रायोगिक तुलना आली, आणि पोकळी असल्या-नसल्याने फारसं काही बिघडत नाही असं दिसलं. एवढ्या भांडणाला हे उत्तर तसं फिकंच.

तोवर तक्रारी वेगळ्याच सुरू झाल्या होत्या. काही वर्षांनी किडे कमी होतात, वाळू घट्ट बसते, फॉस्फेट तिच्यात मुरत राहतं. कोणी जुना थर एकदम उकरला की हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि टाकी धोक्यात. पुष्कळांनी वाळू काढून जोरदार प्रवाहाच्या उघड्या तळाकडे मोर्चा वळवला. पाणी इतकं स्वच्छ झालं, की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर टेकले, प्रवाळांचा रंग उडाला आणि काही टाक्यांत डायनोफ्लॅजलेट हे तपकिरी, चिकट थर करणारे एकपेशीय जीव माजले. आता तेच लोक बाटलीतून नायट्रेटचे थेंब घालतात.

आजच्या बहुतेक टाक्यांत दोन-तीन सेंटीमीटर वाळू दिसते. नायट्रेट उतरवायला तिचा उपयोग थोडा, चुना पुरवायला त्याहून थोडा. पण रास (wrasse) नावाच्या गटातल्या कित्येक माशांना रात्र झाली की वाळूत शिरून झोपायचं असतं, आणि उघड्या काचेवर त्यांना ते जमत नाही.