दारावरची झडप गेली, गारवा एकाच खोलीत अडकला

बर्फाळ देशांत खालच्या एका शेगडीवर अख्खं घर ऊबदार ठेवायचं, तर वरच्या मजल्याच्या जमिनीत लोखंडी जाळी बसवत. गरम हवा आपोआप वर चढे. ठाणे-नवी मुंबईत प्रश्न उलटा आहे. बेडरूममधल्या एसीचा गारवा हॉलमध्ये न्यायचा, आणि गार हवा तर जड, जमिनीलगत पसरणारी.

ठाण्यातल्या नौपाडा, चरईकडच्या जुन्या घरांत दारावर दोरीने उघडायची झडप असे. दार लावलं तरी वर साचलेली गरम हवा तिथून निघून जाई. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 1970 मध्ये. 1980 च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला सात-सात घरांमध्ये एक अंगण ठेवलं. तिथेही भिस्त वाऱ्यावरच होती. मग फ्लॅट वाढले, दारावरची जागा माळ्याने घेतली. एसी आल्यावर गारवा जाऊ नये म्हणून उरलेल्या झडपाही लोकांनी प्लायवूड ठोकून बंद केल्या. आता हवेच्या येण्याजाण्याला उरलं ते फक्त दार.

एसी चालू असताना उघड्या दारात उदबत्ती धरा. खाली धूर हॉलकडे जातो, वर बेडरूमकडे येतो, मध्ये साडेतीन फुटांच्या आसपास घुटमळतो. म्हणून टेबल फॅन जमिनीवरच ठेवायचा, दाराच्या आतल्या बाजूला, तोंड हॉलकडे करून. स्टुलावर ठेवलात तर परतणाऱ्या गरम हवेची वाट अडते. किचन-बाथरूमचे एक्झॉस्ट बंद हवेत, नाहीतर ते गार हवा बाहेर फेकतात आणि खिडक्यांच्या फटींतून दमट हवा आत ओढली जाते.

खरा अडथळा हा दमटपणाच. एक टनी एसी तासाला 12,000 बीटीयू (उष्णतेचं एक माप) उष्णता काढतो. 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषेल, त्याच वेगाने. मे महिन्यात त्यातला बराच हिस्सा हवेतलं पाणी काढण्यात जातो. त्यात हॉलची भर पडली की 120 चौरस फुटांसाठी घेतलेल्या एसीचा कॉम्प्रेसर थांबतच नाही. त्याचा सेन्सर इनडोअर युनिटच्या फिल्टरमागे असतो, हॉलचं तापमान त्याला कळत नाही. फॅनचं तोंड चुकून युनिटकडे राहिलं तर गार हवा सेन्सरवर जाऊन एसी आधीच थांबतो.

एक टनावर हॉलही 24 अंशांवर येणार नाही. दाराजवळच्या सोफ्यापर्यंत गारवा पोचला तरी पुष्कळ. दारावर माळा नसेल तर तिथे उघडझाप होणारी जाळी बसवून घ्या, रात्री दार लावल्यावर ती बंद करा.