सांसाचा राग का येतो?

किल्ल्याच्या तटावर भाल्यांना मुंडकी लावलेली आहेत. त्यांतलं एक सांसा स्टार्कच्या वडिलांचं. शिरच्छेदाचा हुकूम देणारा पोरसवदा राजा जॉफ्री हाच तिचा होणारा नवरा, आणि तोच तिला म्हणतो, बघ. ती बघते. एकदाच उलट बोलते आणि सरदाराचा फटका खाते, ओठ फुटतो. जॉफ्री कडेला उभा आहे, खाली खोल अंगण. एक धक्का पुरे, हे तिच्या मनात येतं. तेवढ्यात राजाचा अंगरक्षक दोघांच्या मध्ये येतो आणि तिच्या ओठावरचं रक्त टिपतो. ती त्याचे आभार मानते.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ च्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ या कादंबरीतला हा प्रसंग. कादंबरी सुरू होते तेव्हा सांसा ११ वर्षांची आहे. २०११ मध्ये तिच्यावर बेतलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका आली आणि जगभरच्या कितीतरी प्रेक्षकांनी या मुलीला भित्री, बावळट, रडूबाई ठरवलं. तलवार चालवणारी धाकटी बहीण आर्या मात्र लाडकी झाली. सांसाच्या हातून चुका झाल्या होत्या, हे खरं. पण ती कैदेत पडल्यावर, भर दरबारात मार खाऊ लागल्यावरही अनेकांचा राग निवळला नाही. मलाही सुरुवातीला तिची चीड यायची. त्या चिडीचं मूळ शोधताना मी मानसशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगापाशी पोचले आणि अस्वस्थ झाले.

मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ७२ विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. ती शब्द पाठ करतेय आणि चुकलं की तिला विजेचा झटका बसतोय, असं ते दृश्य. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. काहींना मत देऊन तिचा छळ थांबवायची संधी मिळाली. त्यांनी तिच्याबद्दल बरं बोललं. ज्यांना नुसतं बसून पाहावं लागणार होतं, छळ पुढेही चालणार असं सांगितलं होतं, त्यांनी तिला कमी लेखलं. आणि सर्वांत वाईट मत कुणाच्या वाट्याला आलं? पाहणाऱ्या विद्यार्थिनींना अभ्यासक्रमातले गुण मिळावेत म्हणून झटके सोसायला जी तयार झाली, तिच्या. जी सर्वांत निर्दोष, तीच सर्वांत नावडती.

लर्नर यांचं स्पष्टीकरण असं की जग न्यायाने चालतं असं मानणं ही आपली मोठी मानसिक गरज असते. निरपराध माणूस सोसताना दिसला आणि आपल्याला काहीच करता आलं नाही, की ही समजूत हादरते. ती सावरण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे सोसणाऱ्यातच खोट काढणं. हे आपल्याला परकं नाही. ‘करावे तसे भरावे’ आणि ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ ही वाक्यं आपल्या घरांत कुणाच्या बाबतीत आणि कधी म्हटली जातात, ते आठवून पाहा.

मालिकेच्या प्रेक्षकाची अवस्था नेमकी त्या हतबल विद्यार्थिनींसारखी असते. मत देऊन जॉफ्रीला थांबवता येत नाही. आर्या सूड घेते तेव्हा आपली सुटका होते, सांसा मान खाली घालते तेव्हा आपण अडकून राहतो. पुढे २०१६ च्या पर्वात तिने आपल्या छळकर्त्या नवऱ्यावर (हा जॉफ्री नव्हे, नंतरचा रॅमसे) त्याचेच भुकेले कुत्रे सोडले आणि बऱ्याच जणांना ती एकदम आवडू लागली. मला यात आनंदापेक्षा खंत जास्त वाटते. आधीचं सोसणं आपण हिशेबात धरलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट आपल्याला कठोर करते: मी असते तर गप्प बसले नसते, ही खात्री. ज्युली वुडझिका आणि मारिआन लाफ्रान्स यांनी २००१ मध्ये ती तपासली. नोकरीच्या मुलाखतीत पुरुषाने अश्लाघ्य प्रश्न विचारले तर काय कराल, असं तरुणींना विचारलं. ६८ टक्के म्हणाल्या, निदान एका प्रश्नाचं उत्तर तरी नाकारू. मग वेगळ्या तरुणींची खरीच मुलाखत घेऊन तेच प्रश्न विचारले. उत्तर नाकारणारी एकही निघाली नाही. कल्पना करणाऱ्यांना राग येईलसं वाटलं होतं, प्रत्यक्षात बसलेल्यांना वाटली भीती. याच धाग्यावर क्रिस्टिना डिकमन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की स्वतःच्या धैर्याची ज्यांना जितकी खात्री, तितकं ते गप्प राहिलेल्या स्त्रीला अधिक दोषी धरतात.

बरं, गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं, हेही खरं नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ मध्ये १८० स्त्रियांना चित्रफिती दाखवल्या आणि काहींना भावना चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत असं सांगितलं. चेहरा शांत राहिला, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. अतिरेकी भीतीत तर शरीरच गोठतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात ७० टक्के जणींनी अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असं गोठणं अनुभवल्याचं सांगितलं. प्रतिकार का केला नाहीस, हा प्रश्न त्यांना विचारणं किती क्रूर आहे!

सांसा तर गोठलेलीही नाही, ती सतत विचार करतेय. जॉफ्रीच्या वाढदिवशी दारू पिऊन आलेल्या डॉन्टोस नावाच्या सरदाराला तो मद्यात बुडवून मारायला निघतो. सांसा मध्ये बोलते: वाढदिवशी माणूस मारणं अशुभ असतं. ही थाप तिथल्या तिथे रचलेली. मग गोड बोलून ती सुचवते, याला आपला विदूषक करा. माणूस वाचतो. तलवारीने त्या अंगणात कुणी वाचलं नसतं, आणि हे काम तिने जीव मुठीत धरून केलं. पहिल्यांदा वाचताना मी हे पान भराभर उलटून पुढे गेले होते.

डिकमन यांच्या अभ्यासातला शेवटचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपण स्वतः कधी दडपणाखाली गप्प राहिलो होतो, तो प्रसंग आठवायला लावला की लोकांनी दुसरीला दोष देणं कमी केलं. हे वाचलं तेव्हा मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. गी पॉयट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या पुष्कळ आहेत. सीता काही सांसासारखी अद्भुतकथेतली नायिका नव्हे, पण त्या गाणाऱ्या बायाही एका सोसणाऱ्या स्त्रीची कथाच ऐकत आणि सांगत होत्या. पहाटे दळता दळता त्या तिच्या दुःखात आपलं सासर, आपलं माहेर मिसळत गेल्या. त्यांना आठवायला लावायची कुणाला गरज पडली नव्हती.